मदतीसाठीची खाद्यजत्रा: तुमच्या आठवणी सांगा

चिंचगुळी
काल परळला काम होतं. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या समोरच्या फुटपाथवर एक कुटुंब जेवायला बसलं होतं. बोलण्यावरून मराठवाड्याकडचं वाटलं. बाई वरणात पाव बुडवून मुलाला भरवत होती, त्याच्या डोक्याला रुमाल बांधलेला. तिथून चालत दादरला येईपर्यंत १९९४ चा तो रविवार डोळ्यांसमोरून हलला नाही.

त्या वर्षी आमच्याकडच्या महिला मंडळाने कॅन्सरच्या रुग्णांसाठी खाद्यजत्रा भरवली होती. २५ रुपयांत पाच कुपनं, एका कुपनाला एक द्रोण, हवं तिथे चव घ्या. प्रत्येक घराने आपली खासियत करायची. आईकडे बिरडं आलं. आठ किलो कडवे वाल! गुरुवारी रात्री भिजत घातले, शुक्रवारी पंच्यात बांधले, शनिवारी मोड आले आणि रात्री चाळीतल्या सगळ्या बायका गॅलरीत पराती घेऊन सोलायला बसल्या. कोमट पाण्यातला दाणा आई दोन बोटांत असा दाबायची की डाळिंबी टपकन परातीत पडायची आणि साल चिमटीत राहायचं. मी नववीत होते, माझ्याकडे सालं गोळा करायचं काम. दीड वाजला तेव्हा सगळ्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

रविवारी बाराच्या सुमाराला एक आजोबा, त्यांची सून आणि सहा-सात वर्षांचा नातू आत आले. मुलाच्या मनगटाला सुईची चिकटपट्टी. बाहेर फलकावर 'कॅन्सरग्रस्तांच्या मदतीसाठी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, त्यांना अन्नदान वाटलं. वाटणारच की! दारावरच्या बाईंनी कुपन मागितलं. आजोबा म्हणाले, "आमीच ते पेशंटवाले." त्यावर उत्तर मिळालं, "पैसे हॉस्पिटलला जाणार आहेत, इथे फुकट नाही." आजोबा काही न बोलता वळले.

आई पळी पातेल्यात तशीच सोडून धावली. तिघांना परत आणलं, मंचामागे खुर्च्या मांडल्या, भात आणि बिरडं वाढलं. मुलाला बिरडं कडू लागलं, शेजारच्या काकूंनी नारळाची वडी दिली ती त्याने खाल्ली. पुढे मंडळाच्या बैठकीत 'शिस्त मोडली' म्हणून आईला बोल लागले. तिने परत कधी तिथे टेबल घेतलं नाही. मला त्या दाराचा राग अजून येतो.

तुमच्यापैकी कोणी अशा जत्रांत रांधलं, वाढलं, नुसती चव घेतली असेल तर लिहा ना.

खारीबिस्किट
"आमीच ते पेशंटवाले." लोकलमध्ये वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. आईंना माझा नमस्कार सांग गं.

सायनमावशी
माझ्या यजमानांच्या उपचारांच्या वेळी आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत होतो. तेरा महिने. त्या लोकांचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत. परळला नाना पालकर स्मृती समितीचंही रुग्णसेवा सदन आहे, तिथेही पेशंट आणि नातेवाइकांची सोय होते. गावाकडून आलेल्याला स्टेशनवर हे सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून लोक फुटपाथवर राहतात. कोणाला लागलं तर हे पत्ते जरूर पोचवा.

जेवणाबद्दल एक सांगते. केमो चालू असली की पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा बाहेरची चटणी, कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं डॉक्टर बंद करतात. ताजं, शिजवलेलं, गरम तेवढंच. शिवाय तोंडाची चव जाते. ह्यांना सगळंच लोखंडासारखं लागायचं. कोणीतरी मोठ्या मनाने मिसळ आणायचं, समोसे आणायचं. ह्यांना हवा असायचा मऊ भात, तूप आणि लिंबाचं गोड लोणचं. मुलाला बिरडं कडू लागलं ते वाचून ह्यांचंच तोंड आठवलं.

वसईवाला
चर्चची फेत, म्हणजे आमची जत्रा! वृद्धाश्रमासाठी असायची आमच्याकडे. फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, मम्मीच तळणार हे ठरलेलं. पीठ रात्रभर आंबवायचं, मग मुठीतून पिळून अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा तेलात सोडायचा. हात इतका बसलेला की सगळे फुगे एका मापाचे. सोबत इंद्याळ, आमचं आंबट-तिखट मांसाचं कालवण. मी सात वर्षं रांगेत उभा राहून स्वतःच्याच आईचे फुगे विकत घेतलेत, ती घरच्यांना फुकट द्यायची नाही. पैसे आजी-आजोबांचे आहेत म्हणायची.

@चिंचगुळी वाल कडवेच का? गोडे चालत नाहीत? बायको विचारतेय.

चिंचगुळी
@वसईवाला कडव्यांची चव वेगळी हो. गोडे पावट्यासारखे लागतात. नारळाचं दूध शेवटी घाला आणि नंतर उकळू नका, फुटतं.

तिखटमीठ
कॅटरिंग कॉलेजला असताना पंचतारांकित हॉटेलात अशाच एका कार्यक्रमाला आम्हाला नेलं होतं. शाळा सोडलेल्या मुलींसाठी निधी. तिकीट हजारांत, पदार्थ चमच्यात. चिनी मातीच्या चमच्यात एक घास, वर कोथिंबिरीचं एक पान. असे चारशे चमचे मांडले मी. पान चिमट्याने ठेवायचं, बोट लागलं की चमचा बाद.

रात्री अकराला भरपूर उरलं. आमच्या शेफसाहेबांनी थर्मामीटर लावून एकेक भांडं तपासलं. ६० अंशांच्या वर राहिलेलं तेवढं डब्यांत भरलं, बाकी सरळ टाकलं. मला टाकताना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "आपण जे स्वतःच्या पोराला देणार नाही ते त्यांनाही नाही." मग उरलेलं अन्न गरजूंना वाटणाऱ्या रॉबिन हूड आर्मीची मुलं मोटरसायकलवर आली आणि डबे घेऊन गेली. मी त्यांच्याबरोबर गेले. पुलाखालच्या मुलांनी तो पुलाव पोटभर खाल्ला, पान काढून टाकून. आता माझं स्वतःचं छोटं किचन आहे. तिथेही थर्मामीटर कायम खिशात.

थेम्सकाठ
लंडन. मुलीच्या शाळेच्या हॉलमध्ये, इथल्या हॉस्पिससाठी, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथे. साबुदाणा वडे नेणार होते. आयोजकांनी यादी पाठवली, इथल्या नियमातले ॲलर्जीचे १४ घटक, प्रत्येक पदार्थापुढे खूण करायची. शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, आणि मोहरीसुद्धा! फोडणीशिवाय काय करू? शाळेत शेंगदाणा बंद म्हणून वडे गेले. मग तांदळाचं घावन आणि नारळाची चटणी, फोडणी नुसत्या जिऱ्याची.

एक ब्रिटिश आजी तीनदा आल्या. यजमान त्याच हॉस्पिसमध्ये गेले म्हणाल्या, शेवटच्या आठवड्यात नर्सने रात्री दोनला टोस्ट करून दिला होता. घावन हातात घेऊन त्या टोस्टबद्दलच बोलत राहिल्या. चटणी निवली, पण त्यांना मध्ये थांबवणं जमलंच नाही.

खारीबिस्किट
जिऱ्याची फोडणी नारळाच्या चटणीला?? उपासाची झाली की!

थेम्सकाठ
अगं हो, आणि आता घरी तशीच आवडते सगळ्यांना 😊

तापीकाठ
जरा वेगळं लिहितो. वांद्र्याला महालक्ष्मी सरसमध्ये, म्हणजे बचत गटांच्या विक्री-प्रदर्शनात, मावशी गेली होती, गावच्या बचत गटाबरोबर. खापरावरचे पुरणाचे मांडे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. मावशीच्या हातांवर बारीक भाजल्याचे डाग आहेत, चाळीस वर्षांचे.

तिथे एक बाई म्हणाल्या, "नुसता तुकडा द्या चवीला, आम्ही गरिबांना मदत करायलाच आलोय." मावशीने तुकडा दिला आणि सांगितलं, "ताई, मदत नको, पूर्ण मांडा घ्या." त्यांनी चार घेतले. मला वाटतं दानधर्माच्या जत्रेत आणि कष्टाच्या दुकानात फरक ठेवावा. दोन्हीकडे पुण्य एकाच भावात मोजू नये. चिंचगुळीताईंच्या आईंबद्दल मात्र बोलायला शब्दच नाहीत.

पावशेर
आमचं मंडळ ठाण्याचं, दरवर्षी डायलिसिसच्या पेशंटसाठी करतो. ताई, तुमच्यासारखाच प्रसंग आमच्याकडेही घडला. तेव्हापासून दाराशी एक दोरी बांधतो. कोणी पाच कुपनं घेतली की सहावं स्वतःहून विकत घेऊन चिमट्याने दोरीला लावायचं. ज्याला हवं त्याने काढून घ्यायचं, कोणी काही विचारायचं नाही. पहिल्या वर्षी भीती होती, धडधाकट लोकच काढतील. काही काढतातही. पण दोरी कधी रिकामी झाली नाही.

फलकावर आता 'विक्री' हा शब्द मोठा लिहितो. आणि जमाखर्च त्याच संध्याकाळी फळ्यावर, तेल-गॅससकट. देणाऱ्याला कळलं पाहिजे कुठे गेलं.

सायनमावशी
@पावशेर दोरीची कल्पना फार चांगली. ह्यांनी काढलं असतं कुपन. मागितलं कधीच नसतं.

वसईवाला
गोडे वाल आणलेत चुकून, दोन किलो. आता?

चिंचगुळी
@वसईवाला वांगं-बटाटा घालून भाजी करा, गोडा मसाला, छान होते.

आईला सगळं वाचून दाखवलं. ७८ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, दोरीचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, वडी दिलेल्या काकूंचं नीट लिही, त्यांच्याकडे तेवढ्याच वड्या उरल्या होत्या आणि त्यांनी डबाच पुढे केला.

@पावशेर तुमची जत्रा कधी असते? आई वाल सोलायला येते म्हणतेय. मी नाही म्हणणार नाही.

पावशेर
जानेवारीचा दुसरा रविवार. आईंना गाडी पाठवतो, मेगाब्लॉक असेल तर लोकलचं काही खरं नसतं. शनिवारी संध्याकाळी सोलायला बसतो आम्ही, आठ-दहा जण.

खारीबिस्किट
शनिवारी मीपण येते. परात आणू का?

पावशेर
पराती आहेत. पंचे आणा.