घरातला कचरा: तुम्ही काय करता, कुठे अडता?

ओला-सुका वेगळा करा, हे 2000 सालच्या नियमांपासून आपण ऐकतोय. 2016 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं असा घातक कचराही वेगळा काढायला सांगितला. रोजच्या घाईत हे कसं निभतं, ते एकमेकांना सांगूया. सुरुवात मी करते.

बाल्कनीत ओला कचरा जिरवायला घेतला आणि तिसऱ्याच आठवड्यात टोपलीत अळ्याच अळ्या. वास इतका, की घाबरून सगळं टाकून दिलं. नंतर एका मैत्रिणीने समजावलं, या अळ्या कचरा खातात, आपल्याला काही करत नाहीत. वास येतो तो पाण्यामुळे. कलिंगडाच्या साली, उरलेली आमटी, मी तशीच ओतत होते. आता साली बारीक चिरते, आमटी गाळून घेते आणि प्रत्येक थरावर वाळका पाला पसरते. मूठभर उचलून दाबायचं: ओलावा जाणवावा, पाणी ठिबकू नये. ठिबकलंच तर आणखी पाला घालून खालवर करायचं. मधोमध हात नेला की कोमट लागतं, तेव्हा काम सुरू आहे समजायचं.

*

आम्ही पुण्यात राहतो. बाळ लहान असताना डायपर सरळ सुक्या कचऱ्यात जायचे. एकदा दारात उभी असताना आमच्या कचरा नेणाऱ्या ताईंनी पिशवी उलटी केली आणि निवडायला हात घातला. काही न बोलता हात बाजूला घेतला, पदराआडून फडकं काढून पुसला. मग एवढंच म्हणाल्या, “कागदात गुंडाळून देत जा ना ताई. वरून कळत नाही, हात घातल्यावर कळतं.”

त्या दिवसापासून गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळं देते. ही लाल ठिपक्याची खूण ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने रुजवली. तिच्यामागे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची 1993 पासूनची संघटना आहे. वेगळा कचरा द्यायचा तो या हातांसाठी, हे मला तेव्हा कळलं.

*

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं काय करायचं? भंगारवाला बाटल्या नेतो, ही नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे होत नाहीत. आम्ही आणणंच कमी केलं.

*

जानेवारी 2016 मध्ये मुंबईतला देवनारचा कचरा डेपो पेटला तेव्हा आम्ही चेंबूरला होतो. खिडक्या लावूनही पडद्यांना धुराचा वास. तो डेपो 1927 पासूनचा. ढिगाऱ्याच्या पोटात हवेविना कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते, हे तेव्हा वाचलं. भाजीची देठं डब्यात टाकताना अजून ते पडदे आठवतात.

*

आमच्या गावात घंटागाडीत दोन्ही कप्पे एकत्रच व्हायचे, म्हणून शेजाऱ्यांनी वेगळं करणं सोडलं. मला राग येई. शेवटी गाडीवरच्या दादांना विचारलं. म्हणाले, मधला पत्रा गंजून गेलाय, कुणी बसवून देत नाही. आम्ही अकरा घरांनी सह्या करून अर्ज दिला. पत्रा बसायला चार महिने लागले, पण बसला.

*

पहिल्या ताईंना एक विचारायचंय: पावसाळ्यात वाळका पाला कुठून आणता?

*

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा दोन पोती भरून ठेवते. पोत्याचं तोंड बांधू नका, आत बुरशी धरते.