स्पितीलाच जा, पण शिमल्याच्या बाजूने

बाईकवरून लडाखला जावं की हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात, असं विचारलंय, तर माझं मत स्पितीला. फक्त मनालीहून चढू नका, शिमल्याहून किन्नौरमार्गे जा. कल्पा, नाको, ताबो असे थांबे घेत गेलं की ३,६०० मीटरच्या वर असलेल्या काझाला, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला, पोचेपर्यंत विरळ हवा अंगवळणी पडते. मनालीच्या वाटेवरची कुंझुम खिंड परतीला ठेवा, ती साधारण जून ते ऑक्टोबर उघडी असते.

किन्नौरमधल्या खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथे इंजिन बंद करून थांबाच! उघडे तपकिरी कडे, खाली गढूळ पाण्याचा नुसता घोष. सह्याद्रीतल्या आपल्या हिरव्या घाटांनंतर हे बघताना माझा घसा दाटून आला होता.

मुंबईहून बाईक रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. आरसे काढून बॅगेत ठेवा, क्लचच्या लिव्हरला गोणपाट घट्ट गुंडाळा.