वाचून आले, पण नियमच बदलला तर?

परदेशी गुंतवणुकीबद्दल "नियम कडक असले तर असू देत, गुंतवणूकदाराने वाचूनच यावं" असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटलं. अमेरिकेच्या वॉलमार्टने २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला, तोही तेव्हाचे नियम वाचूनच. त्याच वर्षी २६ डिसेंबरला सरकारने ई-कॉमर्समधल्या परदेशी गुंतवणुकीवर नवी प्रेस नोट (नियम बदलणारं सरकारी पत्रक) काढली. लागू कधी? १ फेब्रुवारी २०१९. हातात जेमतेम पाच आठवडे!

ज्या विक्रेत्या कंपनीत प्लॅटफॉर्मचा (म्हणजे विक्रीची साइट चालवणाऱ्या कंपनीचा) हिस्सा आहे, तिने त्या प्लॅटफॉर्मवर माल विकायचा नाही, असं त्यात होतं. अ‍ॅमेझॉनचा क्लाउडटेल या तिथल्या मोठ्या विक्रेत्या कंपनीत असाच अप्रत्यक्ष हिस्सा होता, त्यामुळे त्यांच्या साइटवरचा बराच माल काही दिवस गायब झाला. शेवटी हिस्सा कमी करून वाट काढावी लागली.

भरमसाट सवलतींपुढे कोपऱ्यावरचा मोबाइलवाला टिकणार कसा, ही दुकानदारांची तक्रार खरीच होती. पण निव्वळ भारतीय भांडवलाची कंपनी स्वतःचा साठा खुशाल ऑनलाइन विकू शकते, तिला हा नियम नाही. मग राखण नक्की कोणाची झाली? (लोकसभा निवडणूकही तोंडावर होती.)

आणि दाद मागायची तर? इतर देशांशी गुंतवणूक करार करताना भारत जो मसुदा समोर ठेवतो, त्या २०१६ च्या नमुना कराराप्रमाणे, आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाण्याआधी किमान पाच वर्षं इथल्या कोर्टांत घालवायची. यूएईबरोबरच्या २०२४ च्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आणली आहे.