स्वयंपाकघरातल्या गॅस स्फोटाचं मॉडेल, टीएनटीचा हिशोब चालेल का?

प्रश्न: नमस्कार मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात मावशीकडे गॅस गळून स्फोट झाला, सगळे म्हणतात सिलिंडर फुटला पण सिलिंडर जसाच्या तसा उभा होता, नळी तेवढी ओट्यामागे तडकलेली. काचा रस्त्यावर, आणि बेडरूमकडची भिंत आडवी. मावशी आता बरी आहे. त्याचंच मॉडेल प्रोजेक्टला घेतोय, 3 बाय 3 ची खोली, उंची 2.7 मीटर. गॅसचं वजन तेवढ्याच ताकदीच्या टीएनटी या स्फोटकाच्या वजनात बदलून प्रेशर काढलं तर चालेल का?

वाफ_आणि_ज्वाला: नाही चालणार. टीएनटीचा दाब क्षणात चढतो, तुझ्याकडे गॅस जळत पुढे सरकलाय. शांत हवेत एलपीजीतल्या प्रोपेनची ज्योत सेकंदाला अर्धा मीटरही जळत नाही, पण जळलेला वायू सात-आठ पट फुगतो आणि ज्योतीला ढकलतो. भक्कम बंद टाकीत दाब 8 पटीपर्यंत जातो, घरात तेवढा चढायच्या आधीच खिडकी जाते, साधी काच 2 ते 5 किलोपास्कलला फुटते. त्यामुळे खिडकी किती मोठी आणि कधी उघडली हे मॉडेलमधे आधी घाल.

फायरवाला_काका: अरे गॅस खोलीभर सारखा पसरला असं धरू नकोस, एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. तुझ्याच खोलीत गुडघ्याच्या जरा वर, 60 सेंटिमीटरचा थर धर, त्यात साडेतीन टक्के गॅस म्हणजे अर्धा किलोसुद्धा लागत नाही, सिलिंडरमधे 14.2 असतो!! म्हणून वास आला की बटणाला हात लावायचा नाही, ना चालू ना बंद, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडायच्या.

वाफ_आणि_ज्वाला: काकांचं बरोबर. आणि बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं का बघ. दारातून ज्योत घुसली की तिथला आधीच दाबला गेलेला, घुसळलेला गॅस जास्त जोरात पेटतो, टेबल-कपाटांनीही वेग वाढतो. ओपनफोम या हवा-वायूच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला झायफोम सॉल्व्हर बघ, तो गॅस जळण्याचा हिशोब करतो. लंडनला 1968 मधे रोनन पॉइंटच्या 18 व्या मजल्यावर असाच गॅस पेटला, भिंतीचं पॅनेल बाहेर गेलं आणि 22 मजली इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, 4 जण गेले.

प्रश्नकर्ता: मावशीला फोन केला, दार अर्धवटच होतं, पडद्याची दोरी अडकते म्हणून ते पूर्ण लागतच नाही. रविवारी टेप घेऊन जातो आणि फट मोजतो.