मदत हवी आहे: बंदरावरचं छोटं चित्र स्टुडिओत मोठं कसं करावं?

मी होड्या आणि बंदरं जलरंगात रंगवते. जागेवर घाई असते: भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलते, नांगरलेली होडी वाऱ्याबरोबर तोंड फिरवते. म्हणून आधी होडीच्या काठाचा बाक आणि सावल्यांचे आकार पेन्सिलीने पक्के करते, मग रंग.

अडचण स्टुडिओत येते. फोटोत सावल्या काळ्याठिक्कर दिसतात. प्रतिबिंबात उजळ रंग जरा गडद होतो आणि गडद रंग जरा फिका. पाण्याचं पाणीपण मला त्यातच दिसतं, पण फोटोत नेमकं तेच हरवतं. शिवाय कागद मोठा झाला की ब्रशचा मोकळेपणा जातो.

तुम्ही जागेवर रंगांच्या नोंदी कशा ठेवता? मोठं चित्र करताना फोटो समोर ठेवावा, की फक्त स्केचवरच विसंबावं? कृपया अनुभवातून सांगा.