३५ हजार आहेत, हार्डवेअर सिंथ (विजेवर आवाज तयार करणारं वेगळं वाद्य) घ्यावा का लॅपटॉपवरच भागवावं?

उदगीर_काळीदोन:
राम राम मंडळी. भजनात पेटी अन् लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. सोयाबीनच्या पैशातून ३५ हजार बाजूला काढलेत, बायकोला अजून सांगितलं नाही. सध्या गोंधळाच्या चाली घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायलोय. दोस्त म्हणायलेत हार्डवेअरचा आवाज जाड असतो, सॉफ्टवेअर म्हणजे प्लास्टिक, खरंय का? अन् मेन अडचण म्हणजे की दाबली की आवाज मागून येतो, पेटीवाल्याला ते लई खटकतं.

नांदेडी_बेस:
जाड-बिड सोडा दादा. १९७० चा मिनीमूग सिंथ बघा, त्यात खरं ॲनालॉग सर्किट, एका टायमाला एकच सूर, गरम झाला की ट्यूनिंग सरकायचं, ते जे जरासं हलतं त्यालाच लोक जाड म्हणतात. पण १९८३ चा यामाहा डीएक्स७ सिंथ? तो आतून पूर्ण डिजिटल, नुसतं गणित, अन् तेच गणित आज डेक्स्ड नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपवर चालतं, जुने पॅच (साठवलेले आवाज) सुद्धा लोड होतात. मग एक भारी अन् दुसरं प्लास्टिक कसं काय?
आवाज मागून येतो ते बफरमुळं, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल) आधी साठवतो अन् मग वाजवतो. १०२४ सॅम्पलवर असंल तर ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० तुकडे) नुसत्या बफरचेच २३ मिलिसेकंद, १२८ केलं की ३ वर येतं. एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका, व्हायटल अन् सर्ज हे सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहेत, एक मिडी कीबोर्ड (लॅपटॉपला जोडायच्या नुसत्या पट्ट्या) अन् साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर करणारा डबा) घ्या. उरलेल्या पैशात वहिनींना साडी.

परभणी_मंडप:
घरी ठीकय हो, स्टेजवर बघा. मे महिना, हळदीचा कार्यक्रम, पत्र्याचा मंडप, माझ्या लॅपटॉपचा पंखा भुंग्यासारखा ओरडायलाय. गोंधळ ऐन रंगात आला अन् आवाज तुटक तुटक करत एकदम बंद. नवरदेवाचा मामा असा बघायलाय जसं मीच हुंडा घेऊन पळालो. तवापासून हार्डवेअर. गायक ऐनवेळी "काळी दोन नको, पांढरी चार" म्हणतोच, तवा ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटन अंधारात बी हाताला सापडलं पाहिजे, माऊस शोधत बसू का? लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणणाऱ्यांनी सांगावं, स्पीकर कशावर चालवता.

संबळवेडा_तुळजापूर:
दोघं बी भांडत बसा, त्यानं गोंधळाचं विचारलंय. मला तरी रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या कुठल्याच पॅकमध्ये मनासारखा संबळ सापडला नाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या गोंधळ्याला पैसे देऊन घरी बसवा, हळू, मध्यम, जोरात, प्रत्येक ठोका चार-चार वेळा वाजवून घ्या अन् सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज कीवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भरा. एकच ठोका परत परत लावला तर टाइपरायटर वाटतो, गोंधळ नाही.
अन् पेटीला जी मींड येत नाही ती सिंथला येते हे कुणी सांगितलंच नाही. पिच बेंड (सूर वर-खाली ओढायचं चाक) बहुतेक ठिकाणी दोन सेमीटोनवर (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) असतो, तो १२ करा, मग चाकावर सूर ओढा, पायऱ्या ऐकू येत नाहीत कारण मिडीत (वाद्यं अन् लॅपटॉप यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत) बेंडला १६,३८४ टप्पे असतात. १९८२ ला चरणजित सिंग या वादकानं सिंथवर राग वाजवले, त्यात रोलंडचा टीबी-३०३ हा बेस सिंथ बी वापरला, त्यात स्लाइड (सुरावरून सुरावर घसरणं) होताच. फक्त बोटाला सवय व्हायला महिना जातो, माझा तर दीड गेला.

उदगीर_काळीदोन:
१२८ केलं, की दाबली की लगेच वाजायलंय! पण आता टरटर येतंय.

नांदेडी_बेस:
बॅटरीवर चालवायलात का? मग लॅपटॉप प्रोसेसर दाबून ठेवतो. चार्जर लावा, पॉवर फुल करा. तरी आलं तर २५६.

उदगीर_काळीदोन:
टरटर गेली, आता घूंऽऽऽ चालू झालंय. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की कमी होतंय, काढला की परत.

परभणी_मंडप:
अर्थिंग नाही तुमच्याकडं. आपल्याकडं बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतंय. वायरमनला बोलवा, अन् तोवर चार्जरची पिन मोडायचा शहाणपणा करू नका, शॉक बसंल.

उदगीर_काळीदोन:
वायरमन सोमवारी येतो म्हणलाय. बायकोनं विचारलं एकदम अर्थिंग कशाला, म्हणलं फ्रिजसाठी.