मदत हवी आहे: विद्यार्थी अर्धपोटी राहतोय हे कळल्यावर शिक्षकाने काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका कॉलेजात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, घरी कोरडवाहू शेती. पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला सगळ्यांत पुढे असायचा. यंदा दिवाळीनंतर मागे मागे सरकत गेला. जर्नल अपुरं, बोलणं तुटक, मित्रांशीही फटकून. मागच्या पंधरवड्यात टायट्रेशन करता करता भोवळ येऊन खाली बसला. स्टाफरूममध्ये नेऊन चहा-बिस्किटं दिली, तर "मॅम, सकाळी खायचं राहिलं" एवढंच म्हणाला.

खरं काय ते रूममेटने सांगितलं. चौघं एका खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरतं भाडं भरून राहतात. याने दोन वेळची मेस बंद करून एक वेळची लावली आहे आणि तो डबाही दोघांत खातात. रात्री चहा-क्रीमरोल, नाहीतर मॅगी. रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्या दिवशी तेही नाही. पहाटेपर्यंत जागा असतो. घरून फोन आला की "जेवलो" म्हणून मोकळा.

आता माझी अडचण. हे भुकेचं आहे की नैराश्याचं? कॉलेजात समुपदेशक येतात, पण आठवड्यातून एकदा, आणि त्यांची खोली ऑफिसच्या अगदी समोर. फी भरायच्या रांगेतल्या सगळ्यांना आत कोण गेलं ते दिसतं. तिथे हा जाणार नाही.

मेसचे पैसे मी भरू शकते, पण त्याचे इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत. माझ्याकडून पैसे घेतलेला मुलगा उद्या वर्गात शंका विचारेल का? आणि रूममेटच्या बोलण्यावरून असं अर्धपोटी राहणारा हा एकटा नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा. "मुलाशी मोकळेपणाने बोला" याच्या पुढचं काही हवं आहे.

---

झणझणीत
राग मानू नका ताई, पण या मुलांकडे रिचार्जला आणि टपरीवर बसायला पैसे असतात. मेस सोडून मॅगी खाणं ही चैनही असू शकते.

रूम_नंबर_बारा
@झणझणीत, रिचार्ज नसेल तर नोट्स, फॉर्म, हॉल तिकीट काहीच मिळत नाही. खोलीचं भाडं मालक सोडत नाही, क्लासची फी आगाऊ भरलेली असते. महिन्याच्या खर्चात पोरांच्या हातात असणारी एकच गोष्ट म्हणजे जेवण, म्हणून कात्री तिथेच लागते. मी हे केलेलं आहे. मॅगी चैन म्हणून कुणी सलग महिनाभर खात नाही.

वऱ्हाडी वैद्य
मी मानसोपचार विभागात काम करतो. तुमचा पहिला प्रश्न बरोबर आहे, पण "हे की ते" असा पर्याय बहुतेक वेळा नसतो.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. वजन घटणार हे ठाऊकच होतं. पण धडधाकट मुलं उदास, चिडकी, एकलकोंडी झाली, मन लागेना, डोक्यात सतत अन्नाचेच विचार. यातलं किती तुमच्या पोस्टमध्ये आहे बघा.

उलट बाजूही खरी आहे. नैराश्यात भूक मरते आणि "कशाला जेवायचं" इथवर माणूस येतो. आम्ही नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतो. त्यात झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांचे चार प्रश्न आहेत, आणि उपाशी माणूस त्या चारांत आपसूकच गुण मिळवतो. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या विचारतो: पूर्वी आवडायचं त्यात आता गोडी वाटते का, आणि जगणं नकोसं वाटतं का. दुसरा प्रश्न थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे आता नीट माहीत आहे. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही त्यावर सल्ला विचारू शकता.

आणि आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड. शाकाहारी असेल आणि दूध-दही बंद झालं असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच. त्यानेही थकवा येतो, उदास वाटतं, हातापायांना मुंग्या येतात. तपासणीचा आणखी एक फायदा म्हणजे "तुला भोवळ आली होती, रक्त तपासून घेऊ" यात कुणालाच लाज वाटत नाही.

जुनं खोड
आमचे वडील पुण्यात वार लावून शिकले. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी केळकरांकडे, असे सात दिवस सात घरं. आजही आपल्यापैकी सात जणांनी एकेक वार घेतला तर काय हरकत आहे? माझा गुरुवार पक्का.

शाईपेन (धागाकर्ती)
काका, मनापासून आभार. पण तुमचे वडील त्या जेवणाबद्दल कधी बोलायचे का? माझे आजोबा वारावर जेवलेले. कुठल्या घरी पान मागच्या पडवीत मांडायचे, ते त्यांना म्हातारपणीही पाठ होतं.

जुनं खोड
बोलायचे. एका घरी तूप फक्त घरच्यांना वाढायचे, ते आमच्याकडे पंगतीत तूप आलं की हटकून सांगायचे. मुद्दा मान्य. गुरुवार तरी कायम आहे, कसा द्यायचा ते तुम्ही ठरवा.

पोळीभाजी
मी चौदा-पंधरा वर्षं मेस चालवते, लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. मॅडम, कोणाचं काय चाललंय हे तुमच्या आधी आम्हाला कळतं. ज्याचे खाडे (न जेवलेले दिवस) एकदम वाढतात, तो गावी गेलेला नसतो. गावी जाणारा आधी सांगून जातो, कारण सलग तीन दिवस येणार नाही असं आधी कळवलं तरच आम्ही खाडा धरतो, म्हणजे तेवढे पैसे वळते करतो. न सांगता गायब होणारा पोरगा एकतर पैशाच्या अडचणीत असतो किंवा त्याच्या मनात काहीतरी असतं. दुसरी खूण, येतो पण दोन पोळ्या घेऊन कोपऱ्यात बसतो, भात नको म्हणतो, मोबाइलमधून मान वर नाही. अशाला मी नुसतं "आज भात घे रे, उरलाय" म्हणते. उरलेला नसतो.

पैशाचं असं करा. त्याच्या मेसवाल्या मावशीला जाऊन भेटा. तुमचं नाव कशाला पाहिजे? मावशीने त्याला म्हणायचं, तुझे मागचे खाडे जमा आहेत, संध्याकाळचं पण जेवून जा. आमच्या वहीत काय लिहिलंय ते पोरं बघत नाहीत. आणि महिन्याचे पैसे एकदम मागू नका असंही तिला सांगा, आठवड्याने दिले तर पोरांना जड जात नाही. सगळ्या मेसला हे परवडत नाही, गॅस-तेल कुठे गेलंय बघताय ना. पण दोघातिघांचं कुणीही करेल.

रूम_नंबर_बारा
काकू, दंडवत. ता.क. म्हणून योजनांचं सांगतो. मुलगा अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० भोजनाचे. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना आहे, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, त्या नीट वाचा. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहेच. कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागाकडे विचारा. मी त्यात बागेचं आणि ग्रंथालयाचं काम केलं. ते पैसे कमावलेले असतात, म्हणून खाली मान घालायला लागत नाही. फक्त अर्ज आज केला तर जेवण उद्या मिळत नाही. मधले महिने काकूंच्या वहीवरच काढायचे.

नाचणीसत्त्व
आहारतज्ज्ञ आहे. फळं-सुकामेवा सांगून हसं करून घेत नाही. साठ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. मेसचं वरण कसं असतं ते आपण जाणतो, त्यामुळे एका ताटातून जेमतेम निम्मी मिळतात, आणि हा तर ताट वाटून खातोय. खोलीत गॅस नसला तरी ५० ग्रॅम फुटाणे (सुमारे १० ग्रॅम प्रथिनं), मूठभर शेंगदाणे-गूळ, पेलाभर दूध जमतं. चालत असतील तर दोन अंडी (१२ ग्रॅम), ती इलेक्ट्रिक किटलीतही उकडतात. सातूचं पीठ गावाकडून मागवायला सांगा. आई आनंदाने पाठवेल आणि तिला काही सांगावंही लागणार नाही. क्रीमरोलच्या पैशात फुटाणे येतात. जेवल्या जेवल्या चहा मात्र नको, जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही.

कायदेकानू
समुपदेशकांच्या खोलीबद्दल: जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. प्राचार्यांना लेखी पत्र द्या, त्यात निकालाचा उल्लेख करा आणि खोली हलवण्याची मागणी वेगळ्या मुद्द्यात लिहा. तोंडी सांगितलेलं कुणी फायलीला लावत नाही.

शाईपेन (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. अपडेट: रक्त तपासून झालं. हिमोग्लोबिन ठीक, बी-१२ बरंच कमी, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आहेत. वैद्यबुवांचा दुसरा प्रश्न विचारला, माझाच आवाज कापत होता. तो म्हणाला, "तसं नाही मॅम, पण झोपच लागत नाही, घरी काय सांगू कळत नाही." १४४१६ वर एकदा माझ्यासमोर बोलला, पुढच्या वेळी एकटा बोलतो म्हणाला. मेसवाल्या मावशींना भेटले. त्या माझ्यापेक्षा हुशार निघाल्या, त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं. खाडे "जमा" झाले आहेत.

रूममेटचं नाव कुठेही येऊ दिलेलं नाही. प्राचार्यांना पत्र लिहिते आहे. रविवार संध्याकाळचं मात्र अजून जमलेलं नाही, कर्वे रोडच्या आसपास त्या वेळी चालू असणारी साधी मेस कुणाला माहीत आहे का?

पोळीभाजी
माझ्या नणंदेची आहे, रविवारी संध्याकाळी खिचडी-कढी असते. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.